बंब येण्यापूर्वीं

रस्त्यानें भोंगा वाजवीत बंब धांवूं लागला म्हणजे आपण सारे क्षणभर थबकतों. मुलें खिडकीकडे पळतात, वडील माणसें 'कुठें बरें लागली असेल?' असें एकमेकांना विचारतात, आणि बंब आपल्या गल्लींत न वळतां पुढें गेला कीं घर पुनः आपल्या उद्योगाला लागतें. आग लागणें हें दुर्दैव आणि ती विझविणें हें दलाचें काम, अशी आपली समजूत असते. या समजुतीचा पहिला भाग पुष्कळदां खोटा असतो आणि दुसरा अर्धाच खरा असतो. ठिणगी पडल्यापासून बंब दारांत येऊन उभा राहीपर्यंत जीं मिनिटें जातात तीं दलाच्या हातांत नसतात. तीं घरच्या माणसांच्या हातांत असतात. शिडी चढून वर गेलेल्या जवानाच्या हातीं जिवंत माणूस लागतो कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं त्या मिनिटांवर ठरतें. म्हणून मुंबईच्या अग्निशामक दलाचें काम कसें चालतें, त्याला वैद्यकीय मदतीची जोड कशी मिळते आणि या दोहोंच्या आधीं आपल्या वांट्याला कोणतें काम येतें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

मुंबईला आगीचें भय नवें नाहीं. १८०३ च्या फेब्रुवारींत कोटांतील दाट वस्तीला आग लागून बाजाराचा मोठा भाग बेचिराख झाला. त्या काळीं स्वतंत्र दल नव्हतें. पुढेंही बरींच वर्षें आग विझविण्याचें काम पोलिसांकडेच होतें. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यानें आगीपासून जीवित व वित्त यांचें रक्षण करणें हें म्युनिसिपालिटीचें कर्तव्य ठरलें, आणि १८९० मध्यें लंडनच्या दलांतील एक अनुभवी अधिकारी प्रमुख म्हणून येथें आला. आरंभींचे बंब घोडे ओढीत. विसाव्या शतकांत मोटारीचे बंब आले आणि हळूहळू तबेले रिकामे झाले.

या दलाच्या इतिहासांतला सर्वांत काळा दिवस म्हणजे १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें जहाज लागलें होतें. त्याच्या पोटांत कापसाच्या गांठी आणि सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें एकत्र भरलेलीं होतीं. दुपारीं दोनच्या सुमारास आग लक्षांत आली. जवान दोन तास पाणी मारीत राहिले, आणि चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला प्रचंड स्फोट झाला. त्या संहारांत दलाचे ६६ जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कापूस आणि दारूगोळा एका ठिकाणीं ठेवणारे हात निराळे होते आणि त्याची किंमत देणारे निराळे होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे आपणांस शेवटीं पुनः यावयाचें आहे.

आतां प्रत्यक्ष काम पाहूं. आगीच्या खबरेला दलाच्या भाषेंत वर्दी म्हणतात. १०१ या क्रमांकावर वर्दी आली कीं नियंत्रण-कक्षांतील माणसाला मुख्यतः चार गोष्टी कळाव्या लागतात: जागा कोणती, जवळची खूण कोणती, काय जळत आहे, आणि आंत कोणी अडकलें आहे काय. घाबरलेला मनुष्य 'लवकर या, लवकर या' एवढेंच ओरडून फोन ठेवून देतो. पण या शहरांत 'लक्ष्मी निवास' एक नाहीं आणि 'गणेश भुवन'ही एक नाहीं. बंब निघतो, परंतु घर शोधण्यांत त्याचा वेळ जातो. ज्यानें मजला, गल्लीचें तोंड आणि समोरची एक ठळक खूण शांतपणें सांगितली आणि घरांतल्या एकाला नाक्यावर बंबाची वाट दाखविण्यास उभें केलें, त्यानें पाण्याचा एक थेंबही न ओततां आग विझविण्यास आरंभ केला असें समजावें.

वर्दीच्या स्वरूपावरून जवळच्या ठाण्यांतून गाड्या सुटतात. पाणी आणि पंप घेऊन येणारा बंब, त्याच्यामागें पाण्याचा मोठा टँकर, गरजेप्रमाणें शिडीची गाडी, दोरखंड व कापण्याचीं यंत्रें बाळगणारी सुटकेची गाडी, असा तो सरंजाम असतो. घटनास्थळीं पोहोंचलेला अधिकारी आगीचें मान पाहून तिची श्रेणी नियंत्रण-कक्षाला कळवितो. पहिल्या श्रेणीपासून चौथ्या श्रेणीपर्यंत आग चढत जाते, आणि त्याहूनही भीषण आगीला 'ब्रिगेड कॉल' म्हणतात. श्रेणी चढली कीं आणखी ठाण्यांचे बंब, अधिकारी आणि पाणी त्या दिशेनें निघतें.

बंब येतांच पाण्याचे फवारे सुरू व्हावे अशी जमलेल्या लोकांची अपेक्षा असते. अधिकारी मात्र प्रथम इमारत नीट पाहतो, जमेल तितक्या बाजूंनीं तिला वळसा घालतो, धुराचा रंग आणि जोर न्याहाळतो, जिने किती व कोठें आहेत तें विचारतो. लोकांना हा वेळकाढूपणा वाटतो. वस्तुतः त्या दोन मिनिटांत तो तीन प्रश्नांचा निकाल लावीत असतो. आंत माणूस आहे काय. आग कोणत्या बाजूला पसरूं शकेल. आणि तिचें मूळ कोठें आहे. हाच त्यांच्या कामाचाही क्रम असतो. प्रथम जीव, मग शेजार, मग आग. नुसत्या धुरावर पाणी मारल्यानें आग विझत नाहीं. मुळापर्यंत जावें लागतें, आणि तेथपर्यंतची वाट अंधारांतून आणि विषांतून जाते.

या विषाविषयीं दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत, कारण आगींत माणूस ज्वाळांनीं मरतो अशी आपली समजूत आहे. पुष्कळदां ज्वाळा पोहोंचण्याच्या आधींच धूर त्याचा घात करतो. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या वस्तूंतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षां हा वायु दोनशें पटींहून अधिक घट्ट बिलगतो. त्यामुळें श्वास चालू असतांही शरीर आंतून गुदमरूं लागतें. आधीं डोकें जड होतें, मग विचार गोंधळतात, मग पाय चालेनासे होतात. आजच्या घरांतील गाद्यांचा फेस, प्लास्टिक, कृत्रिम कापड हीं जळलीं म्हणजे सायनाइड वर्गांतील वायूही त्यांत मिसळतो. २९ डिसेंबर २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, तींत १४ माणसें दगावलीं. त्यांतील कित्येकांनीं शौचालयांत आश्रय घेतला होता, आणि तेथें धुरानें त्यांना गांठलें. बाहेर जाण्याची वाट ठाऊक नसली म्हणजे माणूस जवळचें दार उघडतो, आणि तें दार त्याचा सांपळा होतें.

याच कारणानें जवान पाठीवर दाबलेल्या हवेचें नळकांडें आणि तोंडावर मुखवटा लावून आंत शिरतात. एका नळकांड्याची हवा साधारण अर्धा-पाऊण तास पुरते असें म्हणतात; पण जड पोशाख, प्रखर उष्णता आणि खांद्यावर माणूस असतां ती त्याहून पुष्कळ लवकर संपते. म्हणून एकट्यानें आंत जावयाचें नाहीं आणि कोण किती वाजतां आंत गेला याची नोंद बाहेरच्यानें ठेवावयाची, असा नियम असतो. हवा संपत आल्याचा इशारा वाजला कीं मागें फिरावें लागतें, मग पुढच्या खोलींतून कोणाचा आवाज येत असला तरीही. तो आवाज जिन्याच्या किती जवळ आहे, हें मात्र आंतल्या माणसानें आधीं काय केलें यावर अवलंबून असतें.

मुंबईच्या दलापाशीं नव्वद मीटरपर्यंत पोहोंचणारी यांत्रिक शिडी आहे, हें ऐकून उंच इमारतींत राहणारांना धीर येतो. पण या अवाढव्य गाडीला उभें राहण्यास रुंद आणि भक्कम जमीन लागते. अंगणांत दोन्ही बाजूंनीं मोटारी लावलेल्या असल्या, किंवा गिरगांव-काळबादेवीची अरुंद गल्ली असली, तर ती शिडी असून नसल्यासारखीच. उंच इमारतीची खरी शिडी तिच्या पोटांतच असते. पाणी वर चढविणारे उभे नळ, छतांतील फवारे, धुरापासून संरक्षित जिना, आणि ठराविक मजल्यांवर मोकळी ठेवलेली आश्रयाची जागा, हीं सारीं त्याकरितांच बांधलेलीं असतात.

आतां माणूस बाहेर आणला असें धरूं. येथें दलाचें एक काम संपतें आणि वैद्यकाचें सुरू होतें. या बाबतींत निरनिराळ्या देशांच्या रीति निराळ्या आहेत. पॅरिसमध्यें १८१० सालीं ऑस्ट्रियाच्या वकिलातींतील नृत्यसमारंभांत आग लागून प्राणहानि झाली, आणि त्यानंतर १८११ मध्यें नेपोलियननें लष्करी शिस्तीचें अग्निशामक दल उभारलें. आज त्या दलाच्या बहुतांश वर्दी आगीच्या नसतात. आजारी आणि जखमी माणसांना मदत करण्याच्या असतात. आपल्याकडे हीं दोन कामें मुख्यतः दोन निराळ्या सेवांकडे आहेत. आगीसाठीं १०१; आणि महाराष्ट्रांत २०१४ सालीं ९३७ रुग्णवाहिकांनिशीं सुरू झालेली १०८ ची सेवा, जिच्या गाडीबरोबर डॉक्टर येतो. ११२ या क्रमांकावरूनही मदत मागतां येते. या दोन सेवांची भेट शिडीच्या पायथ्याशीं व्हावी लागते, आणि ती वेळेवर होण्यास वर्दी देणारानें पहिल्याच वाक्यांत 'माणसें भाजलीं आहेत' किंवा 'माणसें धुरांत अडकलीं आहेत' असें सांगणें अगत्याचें आहे.

शिडीच्या पायथ्याशीं डॉक्टर जें करतो तेंही पुष्कळदां बघ्यांच्या लक्षांत येत नाहीं. जो मोठ्यानें विव्हळतो आहे त्याचा श्वास निदान चालू आहे. म्हणून जो निपचित पडला आहे त्याच्याकडे डॉक्टर प्रथम वळतो. त्याला प्राणवायु लावतात. रक्ताला बिलगलेला विषारी वायु सुटण्यास तोच उपाय आहे. मग नाकपुड्यांत काजळी आहे काय, भिवया करपल्या आहेत काय, आवाज घोगरा झाला आहे काय, हें पाहतात. हीं चिन्हें असलीं तर रोगी चालतां-बोलतां असला तरी त्याला रुग्णालयांत नेलेंच पाहिजे. कारण भाजलेली श्वासनलिका आंतून सुजत जाते आणि कांहीं तासांनीं एकाएकीं बंद पडूं शकते. 'आतां बरें वाटतें आहे, उगीच कशाला दवाखाना?' असा आग्रह अशा वेळीं घातक ठरतो.

एवढें समजल्यावर घरच्या माणसांचें काम आपोआप स्पष्ट होतें. कढईंतील तेल पेटलें तर त्यावर पाणी ओतूं नये. पाणी जड असल्यामुळें तेलाच्या तळाशीं जातें, क्षणांत उकळून त्याची वाफ होते, आणि ती वाफ पेटतें तेल छपरापर्यंत उडविते. शेगडी बंद करावी आणि कढईवर घट्ट झाकण सारावें. हवा तुटली कीं ज्वाळा विझते. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर विजेचें बटण लावूंही नये आणि बंदही करूं नये. हा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो, म्हणून दारें-खिडक्या उघडाव्या, सिलिंडरची कळ बंद करावी, बाहेर पडावें आणि मग १९०६ या क्रमांकावर कळवावें. विजेच्या यंत्राला आग लागली तर मुख्य कळ बंद केल्यावांचून पाण्याला हात लावूं नये.

अंगावरच्या वस्त्रानें पेट घेतला तर धांवूं नये. धांवण्यानें वारा लागून ज्वाळा वाढते आणि तोंडाकडे येते. जमिनीवर आडवें होऊन लोळावें, किंवा दुसऱ्यानें घोंगडी, सतरंजी, जाड सुती चादर गुंडाळून ज्वाळा दाबून टाकावी. मग भाजलेल्या जागेवर नळाचें साधें थंड पाणी सुमारें वीस मिनिटें वाहूं द्यावें. वीस मिनिटें हा काळ घड्याळ लावून मोजावा, कारण घाबरल्या मनाला दोन मिनिटेंच वीस वाटतात. बांगड्या, आंगठ्या सूज येण्यापूर्वीं काढाव्या, पण कातडीला चिकटलेलें वस्त्र ओढूं नये. बर्फ, तूप, हळद, शाई, दांत घासण्याची पेस्ट यांपैकीं कांहींही लावूं नये. स्वच्छ कोरडें फडकें सैल झांकून रोग्याला न्यावें. मुंबईंत चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयांत आणि पलीकडे ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्यें भाजलेल्यांवर खास उपचार होतात.

घर धुरानें भरूं लागलें तर जमिनीलगत रांगत निघावें. खालची हवा त्यांतल्या त्यांत बरी असते. निघतांना मागचें दार ओढून घ्यावें, कारण एक बंद दार आगीला कित्येक मिनिटें अडवून धरतें. लिफ्टचा आश्रय घेऊं नये. जिन्यांतच धूर असला तर परत फिरून रस्त्याकडील खोलींत जावें, दार लावावें, फटींत ओलीं फडकीं कोंबावीं आणि खिडकींतून आपण तेथें असल्याचें दाखवावें. जवान तुम्हांला शोधीत असतो. त्याला दिसेल अशा जागीं असणें हें तुमचें काम. आणि बाहेर आणलेला कोणी बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल, तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसूं नये. छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेंवीस वेळां, पांच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावें. मेंदूला चार-सहा मिनिटें प्राणवायु मिळाला नाहीं तर त्याची कायमची हानि होऊं लागते, आणि इतक्या वेळांत कोणत्याही शहराची रुग्णवाहिका येईलच असें नाहीं.

आतां त्या गोदीकडे परत येऊं. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवींतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. आग विझविण्याचें काम चालू असतांच इमारतीचा भाग कोसळला. त्या दुर्घटनेंत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, तसेच सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी मृत्युमुखीं पडले. सेनापति स्वतः आघाडीवर जावा आणि परत येऊं नये, असा तो प्रसंग होता. लांकडी बांधणीच्या जुन्या इमारती आणि चिंचोळ्या गल्ल्या या शहरांत पुष्कळ आहेत, आणि त्यांत शिरण्याची पाळी उद्यां कोणावर येईल हें सांगतां येत नाहीं.

कायद्यानें आपलें काम केलें आहे. महाराष्ट्रांत २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो, त्यांच्या मालकांनीं किंवा रहिवाशांनीं आगीचीं साधनें चालू स्थितींत ठेवावीं आणि तशा अर्थाचा परवानाधारक संस्थेचा दाखला जानेवारी व जुलै असा वर्षांतून दोनदां सादर करावा, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु दाखला कपाटांत असतो आणि जिन्यांत जुनी सायकल, फुटकी कुंडी, चपलांचें कपाट आणि नको असलेली गादी असते. गच्चीच्या दाराला कुलूप असतें आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हें कोणाला ठाऊक नसतें. होजपाइपच्या पेटींत केरसुण्या असतात. यांतील एकही वस्तु कोणी दुष्टाव्यानें ठेवलेली नसते. गोदींतल्या त्या जहाजावर कापसाजवळ दारूगोळा रचणारेही दुष्ट नव्हते. अडचण ज्यानें ठेवली तो एक, आणि काळोखांत तिला अडखळून पडणारा दुसरा, एवढाच दोन्हीकडे सारखेपणा आहे.

तेव्हां श्रोते हो, आपणांपाशीं एकच मागणें आहे. येत्या रविवारीं घरांतील सर्वांना बरोबर घेऊन आपल्या इमारतीचा जिना गच्चीपासून तळापर्यंत एकदां पायीं उतरा. दुसरा जिना असल्यास तोही पाहा. वाटेंत काय काय पायाला लागतें तें मुलांना मोजूं द्या. तीं मोठ्यांपेक्षां अधिक प्रामाणिकपणें मोजतील. गच्चीची किल्ली कोठें आहे तें विचारा. अंगणांत बंब उभा राहूं शकेल अशी जागा कोणती, तें ठरवून ती मोकळी ठेवा. १०१ आणि १०८ हे दोन क्रमांक घरांत ठळक दिसतील असे लिहून ठेवा, आणि त्याखालीं आपला पूर्ण पत्ता व जवळची खूणही लिहा. घाबरलेला मनुष्य स्वतःचा पत्तादेखील विसरतो. या कामाला अर्धा तास पुरे आहे. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण मुलांना सांगतच असतों. यंदा त्यांच्याबरोबर जिना उतरून तें एकदां करून दाखवावें, इतकीच विनंति.